डब्यात न मिळणारा ब्रेक

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी जवळजवळ 1,300 मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन दीड टन समजू. शाळेतलं सूत्र लावलं, वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, की उत्तर येतं सुमारे 1 कोटी 90 लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत 60 लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येईल. खाली चहाला थांबल्यावर धुकं किती होतं, कुठल्या वळणावर पोरांना मळमळलं, यावर आपण बोलतो. ही ऊर्जा गेली कुठे, असं मात्र कोणी विचारत नाही.

थोडी हवेने खाल्ली, थोडी टायरांनी. चालवणारा शहाणा असेल आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरला असेल, तर बरीचशी इंजिनानेही पचवली. उरलेली मुख्यतः पुढच्या चाकांतल्या वीत-सव्वा वीत व्यासाच्या दोन बिडाच्या चकत्यांनी उष्णता म्हणून घेतली आणि वाऱ्यावर सोडून दिली.

सपाटीवरचा हिशेब याहून गमतीचा आहे. 1,200 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरने धावत असताना करकचून ब्रेक दाबला, तर ती कोरड्या रस्त्यावर साधारण साडेतीन सेकंदांत थांबते. तेवढ्या वेळात साडेचार लाखांहून जास्त ज्यूल संपवायचे असतात. म्हणजे सरासरी 130 किलोवॉट, जुन्या भाषेत 175 हॉर्सपॉवर. त्याच गाडीचं इंजिन असतं 80-90 हॉर्सपॉवरचं. शोरूममध्ये इंजिनाचं कौतुक ऐकवतात, माहितीपत्रकात त्याचा आकडा ठळक छापतात, आणि त्याच्या दुप्पट ताकदीचं यंत्र चाकाच्या आड मुकाट बसलेलं असतं.

गॅरेजमधून फोन येतो तेव्हा हे काही डोक्यात नसतं. ‘पॅड संपलेत, डिस्कवर पण कड आलीये, दोन्ही टाकायला लागतील. कंपनीचे टाकू की दुसरे?’ एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आपण बहुतेकदा किमतीवरून देतो. पण पॅडच्या डब्यात किंवा डिस्कच्या खोक्यात जे मिळतं, ते अर्धवट सामान असतं. गाडी ज्याच्यावर थांबते ती तिसरी गोष्ट विकत मिळतच नाही. ती आपल्याच गाडीत, रस्त्यावर तयार व्हावी लागते. तिच्याकडे येईनच, पण आधी चाक काढून आत डोकावू.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब येतो, तो नळ्यांतून कॅलिपरपर्यंत पोचतो, आणि तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर रेटतो. हा पास्कलचा नियम, त्यावर रेंगाळायला नको. रेंगाळावं असा प्रश्न वेगळा आहे: पाय उचलल्यावर पिस्टन मागे कसा येतो? तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते, ऑइल गळू नये म्हणून बसवलेली. पिस्टन पुढे जातो तेव्हा ही रिंग त्याला चिकटून राहते आणि स्वतः जराशी तिरकी होते. दाब गेला की रबर मूळ आकाराला येतं आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकं मागे ओढतं. तेवढ्या फटीवर चाक मोकळं फिरतं. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं. मग तो रिंगेच्या पकडीतून थोडा सरकतो आणि रिंग त्याला नव्या जागेवरून पुन्हा तेवढंच मागे घेते. दहा-बारा मिलिमीटरचा पॅड झिजून तीनवर येईपर्यंत, हजारो किलोमीटर, पेडल पायाखाली त्याच जागी लागत राहतं. ॲडजस्टमेंटचा स्क्रू नाही, सेन्सर नाही. फुटकळ किमतीची एक रबरी रिंग दोन्ही कामं करते.

म्हणून पॅड बदलताना जुने पॅड भंगारात टाकायच्या आधी हातात घेऊन पाहावेत. एकाच चाकाचा आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शाबूत असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या आहेत, नाहीतर पिस्टन अडकतो आहे. पॅड तिरका झिजला असेल तरी तेच. अशा कॅलिपरमध्ये जगातला सर्वांत महाग पॅड घातला तरी त्याचीही तीच गत होणार. पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावणं हे तसं किरकोळ काम, पण नेमकं तेच राहून जातं.

आता डिस्क. ती बिडाची असते. विमानं कार्बनच्या ब्रेकवर उतरतात, काही महागड्या स्पोर्ट्स कारना कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क असतात, पण रस्त्यावरच्या बहुतेक सगळ्या गाड्या अजून बिडावरच थांबतात. कारण नुसती स्वस्ताई नव्हे. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झपाट्याने आत नेतात, आणि कंपनं गिळून टाकतात. पोलादाची चकती टांगून तिच्यावर हातोडी मारली तर ती घणघणत राहते, बिडाची ‘ठक्’ करून गप्प होते. पोलादाच्या डिस्कवर प्रत्येक सिग्नलला किंचाळी ऐकू आली असती.

बीड जड असतं, आणि इथे ते जडपणच हवं असतं. मघाच्या त्या एका करकचून लावलेल्या ब्रेकमध्ये पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला दीड लाखाहून जास्त ज्यूल येतात. डिस्क पाच किलोची असेल तर ती एका दमात सुमारे 70 अंशांनी तापते. उष्णता वाऱ्यावर सोडायला वेळ लागतो, तोवर ती साठवायला वजनच लागतं. पुढच्या डिस्क बहुतेक गाड्यांत मधून पोकळ असतात. दोन पाट्या आणि मध्ये पाती. चाक फिरलं की मधून हवा ओढली जाते आणि कडेने बाहेर फेकली जाते. काही डिस्कची पाती वक्र असतात. त्यांची डावी-उजवी वेगळी असते आणि ती अदलाबदल करून चालत नाही.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर ‘मिन टीएच’ असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणजे किमान जाडी. नवी 20 मिलिमीटरची डिस्क 18 वर बाद, असा साधारण प्रकार असतो. दोन मिलिमीटर म्हणजे दहाच टक्के, असं वाटतं खरं. पण मधली पोकळी वजा करा. दोन्ही पाट्या मिळून बीड 12 मिलिमीटर असेल, तर दोन गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला. तेवढी उष्णता साठवायची जागाही गेली. लेथवर डिस्कला फेस मारून घ्यायचा सल्ला ऐकताना हे ध्यानात असू द्यावं. फेस मारल्यावर जाडी मर्यादेच्या वर राहत असेल तर हरकत नाही, पण मर्यादेच्या काठावर आलेली डिस्क कातणं म्हणजे मजुरी देऊन लोखंड कमी करून घेणं. आणि जाडी मायक्रोमीटरनेच मोजायला हवी. कडेला झिजेची उंच धार राहते, त्यामुळे साधा व्हर्नियर तिथे अडकून खोटं बोलतो.

भोकं पाडलेल्या आणि चरे पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात, हे कबूल. जुन्या काळचे पॅड तापले की त्यांतून वायू सुटायचा, तो निघून जायला वाट म्हणून ही भोकं आली. आजच्या पॅडना त्यांची फारशी गरज नाही. भर पावसात पाण्याचा थर मोडायला त्यांचा थोडा उपयोग होतो, पण तापण्या-निवण्याच्या चक्रात तडे त्या भोकांपासूनच सुरू होतात. घरच्या गाडीला साधी, बरोबर मापाची, चांगल्या ओतकामाची डिस्क घ्यावी. कोकणात किंवा समुद्रकाठी गाडी असेल तर जस्त-ॲल्युमिनियमचा राखाडी लेप दिलेली डिस्क मिळते, तिचे थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. पॅड घासतो तिथला लेप पहिल्या काही ब्रेकांतच जातो. फायदा होतो तो टोपीला आणि आतल्या पात्यांना, कारण डिस्क गंजून सडते ती तिथून.

आणि आता ती तिसरी गोष्ट.

पॅड डिस्कवर घासतो असं आपण म्हणतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पॅडचा फार थोडा भाग खरोखर टेकलेला असतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा बारकाईने अभ्यास केला आहे. पॅडमधले पोलादाचे धागे किंवा कठीण कण जरा वर राहतात, त्यांच्याभोवती झिजलेली भुकटी येऊन साचते, दाबाने आणि उष्णतेने घट्ट होते आणि त्यांची सपाट पठारं तयार होतात. एकेक पठार मिलिमीटरहूनही लहान. अख्खी गाडी असल्या पठारांवर थांबते. ती सतत बनत असतात, मोडत असतात. त्याच वेळी पॅडमधल्या मालाचा अतिशय पातळ थर डिस्कवर चढत असतो. तो नीट चढला की पॅड बिडावर घासत नाही, डिस्कवर चढलेल्या आपल्याच अंशावर घासतो. पकड मिळते ती या दोन सारख्या थरांच्या चिकटण्या-तुटण्यातून. घरात बिडाचा नवा तवा आणला की तेल लावून, तापवून तो मुरवावा लागतो, तसंच आहे हे. कोरा तवा आणि मुरलेला तवा यांत बीड तेच, पण डोसा एकावरच सुटतो.

हा थर जमवण्यासाठी माणसाने काय काय घासून पाहिलं आहे! इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या उतारांवर घोडागाड्यांचे गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या माणसाने 1897 मध्ये ब्रेकच्या अस्तरांवर प्रयोग सुरू केले. त्यातून पुढे फेरोडो कंपनी उभी राहिली. आपल्याकडे घाटकोपरलाही ‘हिंदुस्तान फेरोडो’चा कारखाना होता. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण त्यात धातूवर धातू घासायचा आणि तो असह्य किंचाळायचा. त्यावर फ्रूडचं ॲस्बेस्टॉसचं अस्तर हा उतारा ठरला. ॲस्बेस्टॉस जळत नाही, घर्षण चांगलं देतं, आणि त्याचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. ही किंमत कळून पॅडमधून त्याची हकालपट्टी व्हायला बरीच दशकं गेली. डिस्क ब्रेकचं नशीब उघडलं ते 1953 च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली, आणि त्या शर्यतीत पहिल्यांदाच सरासरी वेग ताशी 100 मैलांच्या वर गेला. जास्त वेगाने धावता आलं, कारण उशिरा ब्रेक लावता येत होता. दोनच वर्षांनी सित्रोएन डीएस ही गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच कारखान्यातून बाहेर पडू लागली.

आजच्या पॅडमध्ये दहा-वीस पदार्थ असतात: बांधून ठेवायला फिनॉलिक रेझिन, तंतू, रबराचा किंवा काजूच्या टरफलातल्या तेलाचा चुरा, ग्रॅफाइट, धातूंचे सल्फाइड, घासणारे कठीण कण. हो, काजू. आपल्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे टरफलातून जे काळं, झोंबणारं तेल निघतं, त्याच जातीच्या तेलापासून केलेली भुकटी जगभरच्या पॅडमध्ये वापरतात. तांबंही पूर्वी सर्रास असे. पण पॅडमधून झडलेलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन सामन माशांना अपाय करतं हे दिसल्यावर अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा केला: 2021 पासून 5 टक्क्यांहून कमी, 2025 पासून अर्ध्या टक्क्याहून कमी. डब्यावर ‘कॉपर फ्री’ लिहिलेलं दिसतं त्याच्या मागे ही माशांची गोष्ट आहे.

दुकानात मिळणाऱ्या प्रकारांत मुख्य फरक धातूच्या प्रमाणाचा. जपानी-कोरियन वळणाच्या गाड्यांत बहुधा कमी धातूचे ‘ऑरगॅनिक’ पॅड येतात. ते शांत असतात, डिस्क कमी खातात, चाकं स्वच्छ ठेवतात, पण फार तापले की लवकर थकतात. युरोपीय वळणाच्या गाड्यांत पोलादी तंतू असलेले पॅड असतात. त्यांचा दंश चांगला, उष्णता सोसण्याची ताकद जास्त, आणि अलॉय व्हीलवर काळी पूड ठरलेली. सेमी-मेटॅलिकमध्ये धातू त्याहूनही जास्त. ‘सिरॅमिक’ हा शब्द मात्र सावधपणे वाचावा. त्या नावाखाली चांगला मालही विकला जातो आणि नुसता रंगवलेला डबाही.

पॅडच्या कडेवर अक्षरांची एक ओळ छापलेली असते. तिच्या शेवटी ‘एफएफ’, ‘ईएफ’, ‘जीजी’ अशी जोडी सापडते. ही अमेरिकी पद्धतीची घर्षणाची खूण. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटाच्या मध्यावर काय होईल याची ती पूर्वसूचना समजावी. पण वरचं अक्षर म्हणजे चांगला पॅड, असंही नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल गाडी बनवणाऱ्यांनी ठरावीक घर्षण धरून साधलेला असतो. म्हणून तर युरोपातल्या ‘आर 90’ या नियमात सुटे पॅड मूळ पॅडच्या 15 टक्के इकडे-तिकडेच असावेत अशी अट आहे. शहरात फिरणाऱ्या, वर्षातून दोनदा गावाला जाणाऱ्या गाडीला मूळ कंपनीचे, नाहीतर कंपनीला माल पुरवणाऱ्याच उत्पादकाचे पॅड घ्यावेत, असं माझं मत आहे. कंपनीच्या डब्याचा भाव जड वाटला तर हा दुसरा पर्याय पुण्यात नाना पेठेत हमखास सापडतो. निम्म्याहून कमी भावाचा, बिनखुणेचा पॅड मात्र कितीही ओळखीच्या दुकानदाराने दिला तरी नको.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि दोन्ही पायाला वेगवेगळ्या कळतात. पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही: पॅड तापून त्याचं घर्षण गेलं. पेडल मऊ पडून तळाला जातं: ब्रेक ऑइल उकळलं आणि नळीत वाफ झाली. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, एवढाच त्यातला फरक. डॉट 4 ऑइल नवं असताना 230 अंशांच्या वर उकळतं. पण ते हवेतली आर्द्रता शोषतं, आणि पुरेसं पाणी प्यायल्यावर हा आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्याला प्यायला कमी नसतं. नवे पॅड टाकून तीन वर्षांचं जुनं ऑइल तसंच ठेवणं म्हणजे अर्धंच काम.

आता स्टिअरिंग थरथरण्याचं कोडं. ‘डिस्क वाकलीये’ हे त्याचं ठरलेलं निदान. डिस्क खरोखर वाकण्याचे प्रसंग क्वचित. बहुतेक वेळा तिच्या जाडीत फरक पडलेला असतो, आणि तो केवढा? मिलिमीटरच्या एक-दीड शतांशाइतका फरकही पायाला आणि हाताला जाणवतो. डिस्क बसवताना हबवर गंजाचा पापुद्रा राहिला की ती केसाइतकी तिरकी बसते. तिरक्या डिस्कचा उंच भाग ब्रेक लावलेला नसतानाही पॅडला चाटून जातो, ताशी 100 च्या वेगाला सेकंदात पंधराएक वेळा. तिथे बीड झिजतं किंवा पॅडचा माल चढतो. म्हणूनच बदलल्यावर पहिले काही महिने सगळं छान असतं आणि पाच-सहा हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते, आणि दोष जातो नव्या डिस्कला. दुसरं कारण म्हणजे तापलेला ब्रेक तसाच दाबून उभं राहणं. पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो. तिथे पुन्हा पुन्हा जास्त उष्णता होते, आणि तापमान 700 अंशांच्या आसपास गेलं तर बिडात सिमेंटाइटचे कठीण डाग पडतात. ते खोलवर असतात. लेथवर वरचा थर काढला तरी डाग खाली राहतो आणि थरथर परतते.

तेव्हा बसवताना हब तारेच्या ब्रशने लखलखीत करणं, नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसणं, पॅड आणि डिस्क एका एक्सलच्या दोन्ही बाजूंना एकदमच बदलणं, या गोष्टी आपल्यासमोर करून घ्याव्यात. पिस्टन मागे ढकलताना वरच्या बाटलीतलं ऑइल वर येतं. पॅड झिजत असताना कोणी टॉप-अप केलं असेल तर ते बाहेर सांडून रंग खातं.

आणि मग मोकळ्या रस्त्यावर तो थर जमवायचा. पॅडच्या कंपनीची सूचना असेल तर तीच पाळावी. नसेल तर साधारण रीत अशी: ताशी 60 वरून दमदार पण चाक लॉक न होऊ देता 10-15 पर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं धावून निवू द्यायचं, असं आठ-दहा वेळा. जरा वास येतो, घाबरू नये. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी फिरवायची. गाडी उभी करताना हँडब्रेक लगेच ओढायचा नाही. थर नीट चढला की डिस्कची पहिली चांदीसारखी चकाकी जाऊन तिच्यावर सगळीकडे एकसारखी निळसर-करडी झाक येते.

इलेक्ट्रिक गाडीत हे गणित उलटं होतं. वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच जनरेटर होऊन करते आणि ऊर्जा बॅटरीत परत घालते. ब्रेक इतका कमी लागतो की डिस्कवर थराऐवजी गंज चढतो. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.3 आणि आयडी.4 या इलेक्ट्रिक गाड्यांना मागच्या बाजूला पुन्हा बंद ड्रम बसवले, त्यामागे हेही कारण आहे. युरोपच्या नव्या युरो 7 नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीवर पहिल्यांदाच मर्यादा आली. पेट्रोल-डिझेलच्या कारला किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, निव्वळ इलेक्ट्रिकला 3. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांनी डिस्कवरचा गंज घासला जावा म्हणून पावसाळ्यात अधूनमधून, मागे कोणी नाही हे पाहून, चांगला दणकून ब्रेक लावावा.